गोळ्यांमुळे हिरड्या वाढल्या तर

वाढ बहुधा पुढच्या दोन दातांमधल्या हिरडीच्या टोकापासून सुरू होते. टोक फुगून गोलसर आणि टणक होतं, मग शेजारची टोकंही फुगतात, आणि हळूहळू दात झाकले जातात. सहसा दुखत नाही, म्हणून लक्ष जात नाही. औषध सुरू झाल्यावर १ ते ३ महिन्यांत हे दिसू लागतं.

आधी स्ट्रिपच्या मागचं बारीक अक्षर वाचा आणि ही नावं शोधा. फिट्ससाठी फेनिटॉइन (घेणाऱ्यांपैकी सुमारे निम्म्यांना हा त्रास होतो), किडनी बदलल्यावर सायक्लोस्पोरिन, बीपीसाठी निफेडिपिन किंवा अ‍ॅम्लोडिपिन. फसगत शेवटच्या नावात होते. टेल्मिसार्टन या बीपीच्या गोळीच्या नावापुढे 'एएम' असेल तर तिच्यात अ‍ॅम्लोडिपिनही आहे.

गोळी मनाने बंद करू नका. फेनिटॉइन अचानक थांबलं तर लागोपाठ फिट्स येऊन जिवावर बेततं. सायक्लोस्पोरिन थांबलं तर शरीर नवी किडनी नाकारू शकतं. डेंटिस्टकडून चिठ्ठी घेऊन औषध लिहिणाऱ्या डॉक्टरांना दाखवा. सायक्लोस्पोरिनऐवजी टॅक्रोलिमस, फेनिटॉइनऐवजी लेव्हेटिरासिटॅम असे पर्याय असतात, पण निर्णय त्यांचाच.

दरम्यान खरं काम तुमच्या हातात आहे. दातांवरचा चिकट थर या वाढीला खतपाणी घालतो. जिथे दातच नाहीत तिथे ती क्वचितच होते. म्हणून आधी स्केलिंग करून कीटण काढून घ्या. नंतर मऊ ब्रश हिरडीच्या कडेला ४५ अंशांत तिरका धरून हलकेच, दोन वेळा २ मिनिटं. दातांमधल्या फटींत इंटरडेंटल ब्रश (फटीत जाणारा बारीक ब्रश), सहज आत जाईल त्याच मापाचा. जोर करून घुसवला तर हिरडी सोलवटते. डॉक्टरांनी सांगितल्यास ०.२ टक्के क्लोरहेक्सिडिन माउथवॉश १० मिली, १ मिनिट तोंडात खळखळवून थुंकून टाका, दिवसातून दोनदा, साधारण २ आठवडे. पेस्टनंतर अर्धा तास थांबून मगच हे वापरा, नाहीतर माउथवॉशचा असर कमी होतो. माउथवॉशनंतर लगेच चहा घेतला तर दातांवर तपकिरी डाग पडतात. मिश्री अजिबात नको. ती तंबाखूच आहे.

एवढं करूनही महिनोन्‌महिने हिरडी उतरली नाही, तर जास्तीचा भाग कापून काढतात. पुण्यात धनकवडीला भारती विद्यापीठाचं आणि कॅम्पात आझम कॅम्पसमधलं दंत महाविद्यालय आहे. तिथे हिरड्यांचा विभाग विचारा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधीच सांगा. तेच औषध चालू राहिलं तर वाढ परत येऊ शकते, म्हणून दर ३ महिन्यांनी तपासणी.

यातलं एकही औषध नसताना हिरड्या झपाट्याने सुजल्या, आपोआप रक्त येतंय, सोबत ताप आणि थकवा आहे, तर स्केलिंगची वाट न पाहता त्याच दिवशी फिजिशियनला दाखवून सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) करा. रक्ताच्या कर्करोगातही हिरड्या अशाच सुजतात.