अणुव्रत घ्यावे कसे आणि पाळावे कसे

आचार्य तुलसी यांनी १९४९ साली राजस्थानातील सरदारशहर येथे अणुव्रतांचे, म्हणजे गृहस्थाने पाळायच्या छोट्या व्रतांचे, आंदोलन सुरू केले. स्वतः ते जैन तेरापंथाचे आचार्य होते, तरी व्रत घेणाऱ्याला जात किंवा धर्म बदलण्याची अट त्यांनी ठेवली नाही. त्यामुळे ही व्रते कोणाही पुणेकराला घेता येतात, आणि ज्या घरांत आजीला चातुर्मासाचे नेम धरताना पाहिले आहे, तेथे ती परकी वाटण्याचे कारणही नाही. मात्र आजीच्या नेमांचा रोख बहुधा ताटावर असे, या व्रतांचा तो रोजच्या व्यवहारावर आहे.

अहिंसा, सत्य, अस्तेय (चोरी न करणे), ब्रह्मचर्य आणि अपरिग्रह (संग्रह न करणे) ही पाच तत्त्वे साधूने पूर्णांशाने पाळली की महाव्रते होतात आणि गृहस्थाने आपल्या मर्यादेत पाळली की अणुव्रते. आंदोलनाच्या आचारसंहितेत अकरा नियम आहेत. अस्पृश्यता न मानणे, निवडणुकीत गैरमार्ग न वापरणे, व्यसनापासून दूर राहणे, झाडे आणि पाणी जपणे असे त्यांचे स्वरूप आहे. ते सगळे आधी सावकाश वाचावेत आणि सुरुवातीला त्यांतला एकच निवडावा, कारण उत्साहाच्या भरात घेतलेले अकरा नेम पंधरवड्यात विसरले जातात.

निवडलेला नियम आपल्या कामाच्या भाषेत उतरवून घेणे हा यातला सर्वांत कठीण भाग आहे. येथे तत्त्वार्थसूत्र या जैन ग्रंथातील अतिचारांची, म्हणजे व्रताला लागणाऱ्या दोषांची, यादी फार उपयोगी पडते. अस्तेयाच्या पाच अतिचारांत चोरीचा माल घेणे, मापात कमी-जास्त करणे आणि अस्सल म्हणून बनावट माल खपवणे हे दोष स्पष्ट सांगितले आहेत. मार्केट यार्डात भुसार मालाचा व्यापार करणाऱ्याला ‘प्रामाणिक राहीन’ असे लिहून काहीच हाती लागणार नाही. ‘बारदानाचे वजन मालात धरणार नाही आणि जुन्या तांदळात नवा मिसळणार नाही’ असे लिहिले, तर संध्याकाळी वजनकाट्यापाशी उभे राहून नेम पाळला की मोडला हे त्याला सांगता येईल. अहिंसेच्या अतिचारांत तर प्राण्यावर अतिभार लादणे आणि त्याचे अन्नपाणी अडवणे हेही मोजले आहे. हा दोष हमालाच्या पाठीवरील पोत्यालाही लावून पाहावा, असे माझे मत आहे.

मुदत ठरवल्याशिवाय व्रत घेऊ नये. आषाढी ते कार्तिकी हे चार महिने नवख्याला पुरेत. नेम वहीत तारखेसह लिहावा, घरातल्या एकाला तरी सांगावा आणि झोपण्यापूर्वी त्या दिवसाची नोंद करावी. तो मोडला, तर कसा मोडला हे एका ओळीत लिहून दुसऱ्या दिवशी पुढे चालू ठेवावा; मुदत मात्र कमी करू नये.

मी स्वतः ‘खोटे बोलणार नाही’ असे मोघम व्रत घेतले होते. तिसऱ्याच दिवशी, बिबवेवाडीतल्या घरी चपला शोधत असताना, फोनवर ‘स्वारगेटला पोहोचलोच’ असे सांगून मोकळा झालो. त्या रात्री वहीत नेम बदलून लिहिला: फोनवर मी जेथे आहे तेच ठिकाण सांगेन. पुढच्या चार महिन्यांत तो दोनदा मोडला, आणि दोन्ही वेळा पलीकडे थोरली बहीण होती.