‘वेस्ट’ म्हणजे नेमकं कोणतं? इंग्रजीच्या जोडशब्दांत अडकलेल्या मराठी माध्यमवाल्यांसाठी

स्पर्धा परीक्षांसाठी पुण्याच्या नवी पेठेतल्या अभ्यासिकेत पहिल्या वर्षी माझ्याकडे एक वही होती. गोंधळात टाकणाऱ्या इंग्रजी शब्दांच्या चारशे जोड्या, डावीकडे शब्द, उजवीकडे मराठी अर्थ. मेसवरून परत येताना रूममेट मधूनच एखादा शब्द विचारायचा आणि मी धाडकन अर्थ सांगायचो. एवढं करून सराव परीक्षेत इंग्रजीच्या २५ प्रश्नांपैकी ११ बरोबर. चुकलेल्यांतले निम्मे प्रश्न त्या वहीतल्या शब्दांवरचेच होते, हे बघून जेवण गेलं नाही.

चूक कुठे होती ते बऱ्याच दिवसांनी लक्षात आलं. वहीत मी उच्चार देवनागरीत लिहून ठेवले होते. देवनागरीत ‘वेस्ट’ लिहिलं की त्यात पश्चिम दिशाही आली, वाया घालवणंही आलं आणि अंगातलं बनियनही आलं. ‘डेट’ म्हणजे तारीख आणि कर्जही. ‘पेन’ म्हणजे लेखणी आणि वेदनाही. इंग्रजीत तिथे दोन वेगळे स्वर आहेत, एक आखूड आणि एक लांबवलेला; आपण दोन्ही एकाच मात्रेत कोंबतो. त्यामुळे कानाला ते शब्द वेगळे वाटतच नाहीत, आणि स्पेलिंग निव्वळ पाठांतरावर टांगून राहतं.

‘लूज’ची गंमत याहून मोठी. कपडे लूज झाले, लूज मोशन झाले, असं आपण रोज म्हणतो. इंग्रजीत मात्र सैल या अर्थाचा, डबल ओ असलेला शब्द ‘लूस’ असा संपतो. ‘लूझ’ हा उच्चार एका ओच्या शब्दाचा, म्हणजे हरवणं, गमावणं. आपण सैलला हरवण्याचा उच्चार देऊन बसलोय, मग परीक्षेत स्पेलिंग उलटंपालटं होणारच. सल्ला आणि सल्ला देणं यांचंही तेच: नाम ‘अॅडव्हाइस’, क्रियापद ‘अॅडव्हाइझ’. म्हणून पहिली सूचना, उच्चार देवनागरीत लिहू नका. मोबाइलवरच्या शब्दकोशात स्पीकरचं चिन्ह असतं, ते दाबून ऐका आणि मोठ्यानं म्हणा. अभ्यासिकेत म्हणता येत नाही, चहाला जाताना म्हणा. लोक बघतात, बघू देत.

दुसरी भानगड मराठी अर्थांची. ‘अफेक्ट’ आणि ‘इफेक्ट’ या दोघांपुढे माझ्या वहीत ‘परिणाम’ एवढंच होतं. खरं तर वर्तमानपत्रानं आपल्याला यातला फरक आधीच शिकवलाय. पूरबाधित गावं, अतिवृष्टीबाधित शेतकरी. जिथे ‘बाधित’ बसतं तिथे ‘अफेक्ट’. जो परिणाम मागे उरतो तो ‘इफेक्ट’. आता सापळा बघा. मराठीत आपण ‘पावसाचा पिकांवर परिणाम झाला’ म्हणतो, त्या ‘वर’मुळे हात आपोआप ‘अफेक्टेड ऑन द क्रॉप्स’ लिहितो. वाक्यातली चूक ओळखायच्या प्रश्नांत हे हमखास येतं. ‘अफेक्ट’ला ‘ऑन’ लागत नाही, तो थेट पिकालाच भिडतो. ‘ऑन’ लागतो ‘इफेक्ट’ या नामाला. ‘इफेक्ट’ कधी कधी क्रियापद म्हणूनही येतो, तेव्हा अर्थ घडवून आणणं. आणि शासकीय आदेशात अमुक तारखेपासून लागू या अर्थानं ‘विथ इफेक्ट फ्रॉम’ असतं, तिथे कायम ‘इ’च. नेमणुकीच्या आदेशावर तुम्हालाही तो दिसो.

अर्थ मराठीत घेताना सगळ्यात जास्त मी आपटलो ते ‘कॉम्प्लिमेंट’वर. मधे ई असलेल्या शब्दापुढे मी ‘पूरक’ लिहिलं आणि निवांत झालो. पण आपल्या गणिताच्या पुस्तकात ‘कॉम्प्लिमेंटरी अँगल्स’ म्हणजे कोटिकोन, ज्यांची बेरीज ९०. ‘सप्लिमेंटरी’ म्हणजे पूरक कोन, बेरीज १८०. आणि संचांच्या धड्यात ‘कॉम्प्लिमेंट’ला पुन्हा पूरक संच! एकच मराठी शब्द दोन इंग्रजी शब्दांना वाटून दिलेला. तेव्हापासून मी मराठी प्रतिशब्दावर विसंबत नाही, पूर्ण वाक्य लिहितो. ई असलेल्याला ‘कम्प्लीट’शी जोडा, उणीव भरून काढणारा. आय असलेला म्हणजे स्तुती.

काहींना मात्र मराठीच तारते. ‘प्रिन्सिपल’साठी सगळीकडे एक युक्ती सांगतात, प्राचार्य तुमचा ‘पाल’ म्हणजे मित्र असतो. मला मुळात ‘पाल’ म्हटलं की भिंतीवरची आठवायची. माझी युक्ती ‘मु’ची: मुद्दल, मुख्याध्यापक, मुख्य, हे सगळे शेवटी ‘ए एल’वाले. तत्त्व किंवा नियम असेल तर ‘एल ई’, ‘रूल’च्या शेवटी असतात तसे. बँकेची परीक्षा देणार असाल तर मुद्दलवालाच जास्त भेटेल.

‘लेंड’ आणि ‘बॉरो’ यांत गोंधळ होतो कारण आपल्याकडे ‘उसनं’ एकच, देणं-घेणं पुढे लागतं. बरोबरचा छोटा शब्द पाठ करा: ‘लेंड टू’, ‘बॉरो फ्रॉम’. ही जोडी पक्की झाल्यावर अर्थव्यवस्थेचाही फायदा होतो. रिझर्व्ह बँक अल्प मुदतीसाठी बँकांना ज्या दरानं पैसे देते तो रेपो दर, म्हणजे तिथे ‘लेंड’ करणारी रिझर्व्ह बँक आणि ‘बॉरो’ करणाऱ्या बँका. मी हे एकदा उलटं करून आलोय.

‘स्टेशनरी’ची हकिकत मला आवडते. पूर्वी फिरत्या विक्रेत्यांपेक्षा वेगळा, एका जागी बसून विकणारा तो ‘स्टेशनर’, त्याचा माल ती ‘स्टेशनरी’. म्हणजे स्थिर आणि वह्या-पेनं हे दोन्ही एकाच मुळातून आलेत. ‘पेपर’च्या शेवटी जसे ‘ई आर’, तसे वह्या-पेनांच्या ‘स्टेशनरी’तही. स्थिरवाल्यात ‘ए आर’.

चारशे जोड्यांची वही मी रद्दीत घातली. नव्या वहीत फक्त चुकलेले प्रश्न, अख्ख्या वाक्यासकट. शिवाय जोडीतले दोन शब्द एकाच दिवशी शिकायचे नाहीत. आज एक, त्याची पाच वाक्यं. दुसरा चार-पाच दिवसांनी. दोन्ही एकत्र घोकले की माझ्या डोक्यात ते जुळ्या भावांसारखे एकत्रच यायचे, आणि कोण कोणता हे पुन्हा विचारावं लागायचं.

गुणांचंही बघून ठेवा. एसएससी सीजीएल, म्हणजे केंद्र सरकारच्या नोकऱ्यांसाठी पदवीधरांची परीक्षा, तिच्या पहिल्या टप्प्यात इंग्रजीचे २५ प्रश्न, बरोबरला २ गुण, चुकीला ०.५० वजा. अशा प्रश्नांत बहुतेक वेळा दोन पर्याय लगेच बाद होतात आणि जोडीतले दोन उरतात. चार ठिकाणी असा अंदाज मारला आणि दोन बरोबर आले, तर ४ मिळतात, १ जातो, हातात ३ राहतात. २०२३ च्या तलाठी भरतीत तर चुकीला गुण कापलेच जात नव्हते. आणि मी पहिल्या दोन प्रयत्नांत सीजीएलला असे प्रश्न घाबरून कोरे सोडत होतो.