पावसाळ्यात वॉक बंद पडला? घरातल्या घरात कार्डिओ कसा करायचा, गुडघे आणि खालचे शेजारी दोन्ही सांभाळून

जूनचा दुसरा आठवडा आला की आमच्या ग्राउंडवरची सकाळची गर्दी अर्ध्यावर येते, जुलैत तर दोन-चार छत्रीवालेच उरतात. "आज पाऊस आहे, उद्या जाऊ" म्हणता म्हणता थेट गणपती येतात, मग मोदक, मग नवरात्र, आणि वॉकचे बूट तिकडे रॅकमध्ये बुरशी धरून बसलेले. मी हे सलग तीन वर्षं केलं. चौथ्या वर्षी ठरवलं की घरातच कार्डिओ, म्हणजे दम लागून हृदयाचे ठोके वाढतील असा व्यायाम, करायचा, मोबाइलवर २० मिनिटांचा एक व्हिडिओ लावला, त्यातली मुलगी विशीतली, हसत हसत बर्पी (खाली बसून, आडवं होऊन परत उठत उडी) मारतेय आणि मी ४४ ची, तिच्या मागे मागे. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरून एकेक पायरी. तिसऱ्या दिवशी खालच्या काकू वर आल्या, "अगं, रोज सकाळी काय कुटतेस?"

व्हिडिओ वाईट नव्हता. तो जिला सहा महिन्यांची सवय आहे तिच्यासाठी होता आणि मी तो पहिल्याच दिवशी लावला होता. म्हणून खाली जे लिहितेय त्याची सुरुवात इतकी सोपी आहे की तुम्हाला वाटेल हा काय व्यायाम झाला. तसं वाटलं तर बरोबर चाललंय असं समजा.

आधी स्वतःची चौकशी

जिना चढताना छातीत दडपल्यासारखं होतं का, कधी अचानक चक्कर येऊन पडलात का, हार्टचा त्रास, बीपी कंट्रोलमध्ये नाही, शुगरची औषधं चालू, प्रेग्नन्सी, गुडघ्याचं ऑपरेशन, किंवा घरात कुणाला कमी वयात हार्ट अटॅक आलेला? यातलं एक जरी "हो" असलं तरी आधी डॉक्टरांना विचारा आणि नुसतं "व्यायाम करू का" असं विचारू नका, त्याला सगळे हो म्हणतात. "रोज २० मिनिटं थोडा दम लागेल असं करणार आहे, चालेल का" असं विचारा.

शुगरवाल्यांसाठी वेगळं सांगते. इन्सुलिन किंवा शुगर खाली आणणाऱ्या काही गोळ्या चालू असतील तर व्यायामाआधी मोजा, १०० च्या खाली असेल तर काहीतरी खाऊन मगच सुरू करा. २५० च्या वर असेल आणि बरंही वाटत नसेल तर त्या दिवशी सुट्टी, आणि डॉक्टरांना फोन.

जागा, फरशी आणि बुटांचं भांडण

दोन्ही हात पसरून गोल फिरलात आणि कशाला लागलं नाही तर जागा पुरे. वरचा पंखाही बघून घ्या, जुन्या बिल्डिंगमध्ये छत खाली असतं आणि उंच माणसाचा हात वर गेला की काम तमाम. पावसाळ्यात खरा धोका मात्र फरशीचा. हॉलमध्ये दोरीवर ओले कपडे, त्याचं टपटप पाणी टाइलवर, नाहीतर मावशी नुकत्याच पोछा मारून गेलेल्या. फरशी पुसून कोरडी करा, सतरंजी किंवा चटई नको, ती पायाखालून सरकते. रबराची मॅट असेल तर उत्तम. नुसते मोजे घालून टाइलवर कधीच नाही, ती घसरगुंडीच.

बूट घालावेत का? उड्या नसतील तर अनवाणी मॅटवर चालतं. टाच किंवा तळपाय दुखत असेल तर बूट हवेतच. आमच्याकडे "घरात बूट?" यावरून सासूबाईंशी थोडं वाजलं, मग जुन्या बुटांचे तळ घासून धुतले, आता ते फक्त हॉलमध्येच वापरते, उंबरठ्याबाहेर जात नाहीत. तह झाला.

पंखा लावा. "पंखा लावला तर घाम येत नाही मग फायदा काय" हे मी जिममध्ये जाणाऱ्या शिकल्या-सवरल्या लोकांकडूनही ऐकलंय. घाम म्हणजे वितळलेली चरबी नाही हो, शरीराने स्वतःला थंड करायला सोडलेलं पाणी आहे ते. आणि पावसाळ्यात हवाच इतकी दमट की घाम वाळत नाही, म्हणजे अंग थंडही होत नाही. खिडक्या बंद, पंखा बंद आणि वर जॅकेट असं करून फक्त चक्कर येईल.

किती जोरात? सतराचा पाढा म्हणा

हे एक जमलं तर बाकी सगळं जमतं, म्हणून इथे थोडं थांबते. घरच्या कार्डिओत लोक एकतर मालिका बघत इतकं हळू करतात की काहीच होत नाही, नाहीतर माझ्यासारखं पहिल्याच दिवशी जीव काढतात. मधला वेग ओळखायची खूण अशी की बोलता येतं पण गाता येत नाही. मी सतराचा पाढा म्हणते. सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस, सतरा त्रिक एक्कावन्न, इथपर्यंत आरामात गेले आणि मग श्वास घ्यावा लागला तर वेग बरोबर. पूर्ण पाढा एका दमात सुरात म्हणता आला तर जरा वाढवा. सतरा दुण्यालाच धाप लागली तर कमी करा. ज्यांचा सतराचा पाढाच पक्का नाही त्यांनी बहिणीला फोन लावावा.

ज्यांना आकडे आवडतात त्यांच्यासाठी नाडी. २०८ मधून वयाच्या ०.७ पट वजा करा. ४४ वय म्हणजे २०८ वजा ३१, साधारण १७७. हा झाला मिनिटाला जास्तीत जास्त ठोक्यांचा अंदाज, मध्यम व्यायामात याच्या ५० ते ७० टक्के, म्हणजे माझ्यासाठी ८८ ते १२४. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवून १५ सेकंद मोजा, गुणिले ४. स्वतःच्या अंगठ्याने मोजू नका, त्याला स्वतःचीच नाडी असते. पण हा फक्त अंदाज आहे, माणसागणिक १०-१२ ठोके सहज इकडे तिकडे होतात. आणि बीपीसाठी मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल अशी शेवटी "लॉल" येणारी गोळी चालू असेल तर हा हिशोब सोडूनच द्या, ती गोळी ठोके मुद्दाम कमी ठेवते, तुम्ही ११० वर असाल आणि शरीर मात्र पूर्ण दमलेलं असेल. तिथे पाढाच खरा.

किती वेळ?

जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० चा सल्ला मोठ्यांसाठी असा की आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम, किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरदार, आणि शिवाय दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम. १५० म्हणजे ३० मिनिटं पाच दिवस. यातली चांगली बातमी अशी की पूर्वी सलग १० मिनिटं तरी झाली पाहिजेत अशी अट होती ती आता नाही, तुकडे चालतात. कुकर लावला की तीन शिट्ट्या होईपर्यंत जागेवर चाला, तेही धरायचं.

बिल्डिंगचा जिनाही त्यातच धरा. १९५३ मध्ये लंडनच्या बसवाल्यांवरचा जेरी मॉरिस यांचा अभ्यास आला होता, दिवसभर बसून असणाऱ्या ड्रायव्हरपेक्षा डबलडेकरचे जिने वर-खाली करणाऱ्या कंडक्टरना हृदयविकार कमी दिसला. आपल्या बेस्टच्या जुन्या डबलडेकरच्या कंडक्टरांचीही रोजची तीच कसरत असायची. फक्त गुडघे कुरकुरत असतील तर जिन्याने चढा आणि लिफ्टने उतरा, कारण दम चढताना लागतो पण गुडघ्याच्या वाटीला उतरणं जास्त त्रास देतं. आणि पावसात जिना ओला असेल तर राहू द्या.

प्रत्यक्ष रूटीन

पहिली ५ मिनिटं वॉर्म-अप. जागेवर हळू चाला, खांदे गोल फिरवा, घोटे फिरवा, मग दोन पावलं उजवीकडे दोन डावीकडे, शेवटच्या मिनिटाला थोडा वेग. हे गाळू नका, विशेषतः सकाळी उठल्या उठल्या करणार असाल तर, अंग आखडलेलं असतं.

मग हे पाच प्रकार, प्रत्येकी ४० सेकंद आणि मध्ये २० सेकंद हळू चालणं, म्हणजे एक फेरी बरोब्बर ५ मिनिटांची.

१. जागेवर मार्च, गुडघा जमेल तितका कमरेपर्यंत, हात जोरात हलवत. हात हलवले की श्वास लगेच वाढतो, लोक हात कमरेवर ठेवून करतात आणि म्हणतात काही होत नाही.

२. उडी न मारता जंपिंग जॅक. उजवा पाय बाजूला टाकताना दोन्ही हात वर, पाय जवळ आणताना खाली, मग डावा. काकूंना ऐकू जात नाही.

३. खुर्चीवरून उठबस. खुर्ची लाकडी किंवा लोखंडी, भिंतीला टेकवलेली. प्लास्टिकची नको, तिचे पाय टाइलवर पसरतात. हाताचा आधार न घेता उठा, बसताना धपकन बसू नका. गुडघा दुखला तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा.

४. टाच मागे कुल्ल्याकडे, आलटून पालटून, हात कोपरातून ओढत.

५. हवेत बॉक्सिंग, गुडघे किंचित वाकवून. कोपर झटक्याने ताठ करू नका. ऑफिसमधल्या कुणाचा चेहरा डोळ्यासमोर आणायचा तो आणा.

पहिले दोन आठवडे फक्त दोन फेऱ्या, आठवड्यातून चार दिवस. हो, फक्त १० मिनिटं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तीन फेऱ्या आणि पाच दिवस, पाचव्या-सहाव्यात चार फेऱ्या, म्हणजे वॉर्म-अप आणि कूल-डाउन धरून रोजची ३० मिनिटं झालीच. त्यानंतर एखाद्या फेरीचा वेग वाढवा. फेऱ्या, दिवस आणि वेग तिन्ही एकदम वाढवू नका, हृदयाला आणि फुप्फुसांना सवय लवकर होते पण गुडघे, घोटे, टाचा मागून येतात, आणि तिसऱ्या आठवड्यात "आता मस्त वाटतंय" म्हणून जो वाढवतो त्याचीच टाच धरते.

शेवटची ५ मिनिटं हळू चालत वेग खाली आणा, एकदम सोफ्यावर पडू नका. चालताना पोटऱ्या आवळतात आणि पायातलं रक्त वर ढकलतात, तुम्ही अचानक थांबलात की ते रक्त पायातच साचतं, डोक्याकडे कमी जातं आणि अंधारी येते. मग भिंतीला हात लावून पोटऱ्या ताणा, प्रत्येकी ३० सेकंद, झटके न देता.

कंटाळा आला तर बदला. श्रावणात मंगळागौरीची प्रॅक्टिस चालू असेल तर तो दिवस कार्डिओचाच, अर्धा तास झिम्मा खेळून बघा पाढा म्हणता येतो का. फुगडी मात्र कोरड्या फरशीवर आणि गुडघे धड असतील तरच. लेझीम येत असेल तर काय विचारता. सूर्यनमस्कारही छान, औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी ते घराघरात नेले, पण सावकाश घातले तर ते ताण आणि ताकदीकडे झुकतात, दम लागायला सलग लयीत घालावे लागतात. बीपी वाढलेलं राहत असेल किंवा मनगट दुखत असेल तर आधी विचारून घ्या.

दोरीच्या उड्या आणि ते चार मिनिटांचं टबाटा दोन महिने तरी बाजूला. रील्सवर "४ मिनिटांत फॅट बर्न" म्हणून जे चालतं त्याचं मूळ १९९६ चा जपानमधला इझुमी टबाटा यांचा अभ्यास, २० सेकंद जोर आणि १० सेकंद आराम, पण ती आधीपासून व्यायाम करणारी तरुण मुलं होती, सायकलवर, पार थकून थांबेपर्यंत. आपण हॉलमध्ये ते करत नाही आणि करूही नये.

खाणं

जेवणानंतर दीड-दोन तास थांबा. सकाळी रिकाम्या पोटी बहुतेकांना चालतं, गळाल्यासारखं वाटलं तर अर्धं केळं. वजनासाठी करणाऱ्यांना एक हिशोब सांगून ठेवते, ६५ किलोच्या माणसाचे अर्ध्या तासाच्या मध्यम व्यायामात साधारण १३० कॅलरी जातात. म्हणजे जेमतेम अर्धा वडापाव. पाऊस पडतोय म्हणून भजी आणि व्यायाम केलाय म्हणून अजून भजी, हे गणित बसत नाही.

थांबायचं कधी

मांड्या-पोटऱ्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भरून येणं नॉर्मल, हळू चाललं की मोकळ्या होतात. सांध्यात टोचल्यासारखी कळ किंवा सूज आली तर थांबा. ताप असताना अजिबात नाही, पावसाळ्यात डेंग्यू, मलेरिया काहीही निघू शकतं, आणि ताप गेल्यावरही अशक्तपणा जाईपर्यंत थांबून मग दोन फेऱ्यांपासून सुरू करा.

छातीत दडपण, जबडा, डावा हात किंवा पाठीत दुखणं, थंड घाम, विचित्र धडधड, एकदम खूप दम. यातलं काही झालं तर "गॅस असेल" म्हणून ओवा चावत बसू नका. बायकांमध्ये कधी कधी छातीत फारसं दुखतही नाही, नुसती मळमळ, धाप आणि प्रचंड थकवा असतो. लगेच बसा, घरच्यांना हाक मारा, १०८ लावा, स्वतः गाडी चालवत जाऊ नका. घरी एकट्याने करत असाल तर फोन हाताला येईल असा ठेवा आणि दाराला आतून कडी घालू नका, लॅच पुरे.

खाडा पडला तर

पडणारच, पाहुणे, सण, पाळी, मुलांच्या परीक्षा. दोन-तीन दिवसांचा खाडा असेल तर होतं तिथूनच पुढे चालू करा, आठवडा गेला तर एक फेरी कमी करून, महिना गेला तर परत दोन फेऱ्या. राहिलेले दिवस रविवारी एकदम भरून काढायला जाऊ नका.

मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, जिथे दुधाचा हिशोब असतो, तिथेच त्या तारखेला फेऱ्यांचा आकडा लिहिते. महिन्यातून एकदा सकाळी अंथरुणातच पडल्या पडल्या नाडी मोजते आणि तीही लिहिते. सुरुवातीला ८२ होती, गणपतीच्या आसपास ७४. दूधवाल्याने मध्ये एकदा विचारलं, ताई हे ७४ लिटर कुठले.