जुन्या टर्बो डिझेल गाडीचा पिकअप मंदावल्यास काय तपासावे
फियाटचे १.३ लिटरचे डिझेल इंजिन असलेल्या जुन्या स्विफ्ट किंवा इंडिका व्हिस्टासारख्या गाड्यांमध्ये सुमारे २००० आरपीएमच्या खाली ओढ कमीच असते. तो बिघाड नव्हे. मात्र पूर्वी ज्या चढावर गाडी तिसऱ्या गिअरमध्ये सहज चढत असे, तेथे आता अ‍ॅक्सिलरेटर दाबूनही ती उशिरा उचल घेत असेल, तर टर्बो (इंजिनात दाबाने हवा भरणारा भाग) बदलण्याचा मोठा खर्च मान्य करण्यापूर्वी हवेचा मार्ग नीट तपासून घ्यावा.

एअर फिल्टर आणि डिझेल फिल्टर आधी पाहावेत. त्यानंतर, इंजिन बंद व थंड असताना, टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत (टर्बोने दाबलेली गरम हवा थंड करणारी जाळी) आणि तेथून इंजिनापर्यंत जाणारे रबरी होज पाइप हाताने वाकवून पाहावेत, कारण त्यांतील बारीक चीर एरवी मिटलेली राहते आणि हवेचा दाब वाढल्यावरच उघडते. वेग घेताना फुस्स असा आवाज आणि काळा धूर येत असेल व सांध्यापाशी ताजे तेल दिसत असेल, तर गळतीचा दाट संशय घ्यावा. नुसता पातळ तेलकट थर जुन्या गाडीत असतोच. त्याने घाबरू नये. टर्बोचे नियंत्रण व्हॅक्यूमवर चालत असल्यास त्याची बारीक नळीही तडकलेली नाही ना, हे पाहावे.

पाइप शाबूत असल्यास काजळीने अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह (धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारी झडप) आणि मळलेला एअरफ्लो सेन्सर (इंजिनात जाणारी हवा मोजणारा) यांच्याकडे वळावे. सेन्सरचा आतला भाग अत्यंत नाजूक असल्याने तो कापडाने कधीही पुसू नये. त्यासाठी मिळणारा स्प्रेच वापरावा आणि सेन्सर पूर्ण वाळल्यावरच परत बसवावा.