समुद्रतळाच्या फुगवट्यावरून ज्वालामुखीची चाहूल कशी घ्यावी

अमेरिकेतील ओरेगॉनच्या किनाऱ्यापासून सुमारे ४८० किलोमीटरवर, हुआन दे फुका या सागरी पर्वतरांगेवर, ॲक्सियल नावाचा ज्वालामुखी आहे. १९९८, २०११ आणि २०१५ मधील त्याचे उद्रेक उपकरणांनी टिपलेले असल्यामुळे नवशिक्याने सुरुवात याच नोंदींपासून करावी.

आधी समुद्रतळावर ठेवलेल्या दाबमापकाचा आलेख घ्यावा. तळाखालच्या कोठीत शिलारस साठू लागला की वरचा तळ उचलला जातो, त्याच्यावरचे पाणी तेवढे कमी होते आणि दाब घटतो. तळ एक सेंटीमीटर वर आला, तर दाब साधारण एक मिलिबारने उतरतो. भरती-ओहोटीमुळे होणारा फरक याच्या शंभर पटींहून मोठा असतो, म्हणून तो वजा केल्याशिवाय आलेखावर काही शोधू नये. फसगत खरी होते ती पुढे. दाबमापकाचे आकडे वर्षागणिक आपोआप थोडे सरकतात आणि ते सरकणेच फुगवटा वाटू लागते. यासाठी काल्डेराच्या, म्हणजे ज्वालामुखीच्या माथ्यावरील खचलेल्या मोठ्या खळग्याच्या, आतील मोजमाप बाहेरच्या स्थिर ठिकाणाशी ताडून पाहावे.

त्यानंतर भूकंपाचे धक्के मोजावेत. २४ एप्रिल २०१५ या एका दिवसात येथे ८,००० हून अधिक धक्के नोंदले गेले आणि त्या उद्रेकात काल्डेराचा तळ सुमारे २.४ मीटर खचला. कोठी रिकामी होत असल्याची ही खूण असली, तरी निघालेला सगळा शिलारस लाव्हा होऊन बाहेर पडला असे समजू नये. त्यातला बराचसा भेगांत शिरून तेथेच गोठतो आणि उभ्या पातळ भिंती, म्हणजे डाइक, तयार होतात. धुळे-नंदुरबारकडे माळावर उभ्या असलेल्या अशा भिंती ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हा आकार ओळखीचा वाटेल. सागरी रांगेवर मात्र एका डाइकला खेटून दुसरी डाइक घुसत राहते, वर लाव्हाचे थर साचतात, खाली सावकाश निवलेला गॅब्रो हा भरड कणांचा खडक राहतो आणि असे नवे कवच घडते.

२०११ च्या उद्रेकावेळची फुगवट्याची पातळी धरून २०१४ मध्ये वर्तवलेला २०१५ चा अंदाज खरा ठरला. पुढे २०२४ च्या अखेरीस फुगवटा २०१५ च्या पातळीजवळ पोचला, पण लगेच उद्रेक झाला नाही. तेव्हा केवळ पातळी पाहून तारीख सांगू नये. पातळी, फुगण्याचा वेग आणि रोजच्या धक्क्यांची संख्या हे तिन्ही आलेख एकाच कागदावर एकाखाली एक मांडावेत.