इंजिन तापतंय? हात लावण्याआधीची तयारी

गेल्या वेळी गाडी तापली तेव्हा मी थर्मोस्टॅट (तापमानाप्रमाणे पाण्याची वाट उघडणारी झडप) बदलला, वॉटर पंप बदलला, दोनदा सगळं कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) काढून नवं भरलं, तरी तापमानाचा काटा वरच. शेवटी दोष निघाला रेडिएटरच्या, म्हणजे कूलंट गार करणाऱ्या पुढच्या जाळीच्या, झाकणात. तोवर ते झाकण मी निदान वीस वेळा काढून, पुसून, बाजूला ठेवून, परत लावलं होतं. झाकण हातात आणि तपास गावभर. तेव्हा यादीतलं बाकी काही विसरलात तरी चालेल, झाकण विसरू नका.

आधी गाडी गार होऊ द्या. रात्रभर उभी असेल तर उत्तम. तापलेल्या इंजिनावर झाकण फिरवलं तर काय होतं हे सांगत बसत नाही. पण अर्ध्या तपासण्या गार इंजिनावरच होतात, हे मात्र सांगायला हवं. ‘एकदा चालू करून बघू’ म्हणालात की पुढचे दोन-तीन तास वाट बघत बसा.

तेवढ्यात एका कागदावर लिहून काढा, गाडी नेमकी कधी तापते. हा कागद म्हणजे अर्धं निदान. गर्दीत, सिग्नलला तापते आणि वेग घेतला की उतरते, तर संशय पंख्यावर: मोटर, रिले (तिचा विजेचा स्विच), फ्यूज किंवा पंख्याला हुकूम देणारा सेन्सर. उलट गर्दीत ठीक आणि मोठ्या रस्त्यावर, चढावर तापते, तर वारा भरपूर आहे पण पाणी पुरेसं फिरत नाही किंवा रेडिएटर उष्णता टाकत नाही; आतून चोंदलेला रेडिएटर, झिजलेला पंप. सुरू केल्यावर काही मिनिटांतच काटा चढतो, तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला असेल, कूलंट कमी असेल, नाहीतर आत हवा अडकली असेल. इंजिन तापलेलं आणि हीटर मात्र गार हवा फेकतोय, तरी तेच: पाणी कमी किंवा हवा. आणि बाटली (रेडिएटरला जोडलेली, जादा कूलंटची) भरलेली दिसते पण रेडिएटर अर्धा रिकामा, असं असेल तर झाकण. माझ्याकडे हेच होतं. मी बाटली बघायचो आणि समाधानाने बॉनेट लावायचो.

सामान: टॉर्च, हातमोजे, फडकी, कूलंट धरायला घमेलं. डिस्टिल्ड वॉटर, आणि गाडीच्या पुस्तिकेत लिहिलंय त्याच प्रकारचं कूलंट. रंग जुळवून आणू नका, रंगाचा प्रकाराशी पक्का संबंध नसतो. सांडलेलं कूलंट लगेच पुसा. चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात. ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधलं तापमान आकड्यात दाखवणारं यंत्र) जरूर घ्या, कारण डॅशबोर्डवरचा काटा खोटं बोलतो. पुष्कळ गाड्यांत तो मुद्दाम मधोमध रोखून धरलेला असतो आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. तुम्हाला आकडा हवा, काटा नको. प्रेशर टेस्टर (दाब भरून गळती शोधायचं यंत्र) मिळाला तर आणा, पण त्याच्याबरोबर झाकण तपासायचा अडॅप्टरही आणा. हे वाक्य परत वाचा. प्रेशर टेस्टर झाकणाच्या जागी बसतो. म्हणजे रेडिएटर, पाइप, पंप, सगळं तपासलं जातं आणि झाकण बाजूला पडून राहतं. माझी टेस्ट झकास पास झाली होती. होणारच, दोषी बाहेर बसला होता. अडॅप्टर नसेल तर नवं झाकणच आणा. बदललेल्या भागांत स्वस्त तेच, आणि मी ते सगळ्यात शेवटी बदललं.

झाकण म्हणजे नुसतं बूच नव्हे. त्यात दोन झडपा असतात. एक दाब धरते. समुद्रसपाटीला साधं पाणी 100 अंशांना उकळतं, पण वर 1 बार दाब ठेवला तर सुमारे 120 अंशांपर्यंत उकळत नाही. झाकणावर 0.9 किंवा 1.1 असा आकडा छापलेला असतो, तो याच दाबाचा, बारमध्ये. स्प्रिंग ढिली पडली किंवा रबर चिरलं की दाब टिकत नाही. सिलिंडर हेडच्या (इंजिनाच्या वरच्या भागाच्या) गरम कोपऱ्यांत पाणी लवकर उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात, कूलंट बाटलीत ढकललं जातं. दुसरी झडप उलटी: इंजिन गार होताना बाटलीतलं कूलंट परत आत ओढू देते. ती चिकटली तर बाटली भरलेलीच राहते, आत पोकळी होते, आणि सकाळी वरचा पाइप चपटा झालेला दिसतो. झाकण उलटं करा, टॉर्च मारा, रबराची कडी नखाने दाबून बघा, मधली छोटी झडप हलकेच ओढून सोडा, परत बसते का पाहा. रेडिएटरचं तोंडही पुसून बघा, तिथे खरवड असली तर नवं झाकणही बसणार नाही. नवं घेताना आकडाही जुळवा आणि झाकण तोंडात किती आत उतरतं तेही. काही गाड्यांत रेडिएटरवर झाकण नसतंच, दाबाचं झाकण बाटलीवर असतं. नियम तोच.

गार असतानाच आणखी थोडं. पातळी, रेडिएटरच्या तोंडातून. बाटलीतून नव्हे (रेडिएटरला झाकणच नसेल तर मात्र बाटलीतूनच). पाइप दाबून बघा, लिबलिबीत किंवा कडक झालेत का. पंपाखाली सुकलेल्या कूलंटचा डाग. ऑईलची दांडी काढा. दुधाळ काही दिसलं तर हेड गॅस्केटचा (सिलिंडर हेडखालच्या पॅकिंगचा) संशय, गाडी चालवणं बंद. रेडिएटर आणि त्याच्या पुढचा एसी कंडेन्सर (एसीची जाळी) यांच्यामधली फट टॉर्चने बघा. पुढून कंडेन्सर स्वच्छ दिसतो आणि मागे धूळ, पिसं, किडे यांची गादी असते. धुवायचं तर इंजिनाकडून बाहेर, हलक्या धारेने. जोरात मारलंत तर जाळीच्या पातळ पात्या वाकतील.

आता चालू करा. झाकण लावून, नवं असेल तर नवं. स्कॅनरवर आकडा बघत राहा. थर्मोस्टॅट साधारण 82 ते 90 अंशांच्या आसपास उघडायला लागतो, नेमका आकडा त्याच्यावरच कोरलेला असतो. उघडला की गरम पाणी रेडिएटरकडे येतं आणि तिकडचा पाइप एकदम तापतो. आकडा शंभराकडे गेला तरी पाइप गारच, तर थर्मोस्टॅट. पंखा लागतो का बघा. एसी लावला की बहुतेक गाड्यांत तो लागायलाच हवा. गाडी बंद असतानाही पंखा अचानक सुरू होऊ शकतो, बोटं लांब.

कूलंट काढलं असेल तर हवा काढा: हीटर फुल, पुस्तिकेतली पद्धत, घाई नको. नंतर गार करून परत पातळी. बुडबुडे थांबतच नसतील तर कूलंटमध्ये ज्वलनवायू येतोय का हे तपासणारी निळ्या द्रवाची टेस्ट. द्रव पिवळा झाला की हेड गॅस्केट, मेकॅनिककडे. पंप सर्वात शेवटी, कारण तो काढायचा म्हणजे अर्धं इंजिन उघडायचं.

आणि पंपाचे बोल्ट सैल करायच्या आधी, झाकण खरंच तपासलंत का?