सौनाची वायरिंग: लाकूड लावण्याआधी ठरवायच्या गोष्टी

घरात सौना (घाम काढण्यासाठी तापवलेली लाकडी खोली) करायचा तर आधी हीटर किती किलोवॉटचा लागेल ते काढा, मग वायरिंगकडे वळा. ढोबळ हिशोब असा: खोलीच्या दर घनमीटरला साधारण 1 किलोवॉट. काचेचा दरवाजा किंवा उघडी दगडी भिंत असेल तर थोडा जास्त, कारण ती उष्णता खाते.

6 किलोवॉटचा हीटर 230 व्होल्टवर सुमारे 26 अँपिअर ओढतो. हा भार गिझरच्या पॉइंटवर टाकायचा विचारही करू नका. मुख्य बोर्डापासून स्वतंत्र लाइन, तिला स्वतंत्र एमसीबी (जास्त भार आला की आपोआप पडणारा स्विच). घरात थ्री-फेज असेल आणि हीटर त्यावर चालणारा असेल, तर हाच भार दर फेजला जेमतेम 9 अँपिअरवर येतो. वायरची जाडी मात्र लांबीवरही ठरते; ती इलेक्ट्रिशियनकडून काढून घ्या आणि वीज कंपनीने दिलेला मंजूर लोड पुरतो का, तेही त्याच वेळी पाहा.

बहुतेकांची गल्लत होते ती आतल्या वायरीत. साधी पीव्हीसी वायर 70 अंशांपर्यंतची असते, आणि सौनात छताजवळ 90 सहज होतात. तिथे सिलिकॉन इन्सुलेशनचीच केबल हवी. आत सॉकेट नकोच. हीटर पूर्ण बंद करणारा आयसोलेटर बाहेर, हात पोचेल असा. दिवा उष्णतेला टिकणारा घ्या, छतात बसवू नका.

बरेच दिवस बंद राहिलेल्या हीटरच्या एलिमेंटमध्ये ओल शिरते आणि आरसीसीबी (वीजगळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) ट्रिप होतो. पण तेवढ्यासाठी आरसीसीबी काढून टाकू नका. हीटरच्या पुस्तिकेत काय म्हटलंय ते बघा.